हात बरा होईपर्यंत

द्रोणागिरीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून शेत दिसत नाही. खाली रुंद रस्ता, कडेला ओळीनं उभे असलेले कंटेनरचे ट्रेलर आणि पलीकडे अर्धवट बांधलेल्या दोन इमारती. तरीही कार्तिक लागला की मला कळतं. सकाळी कठड्यावर हात टेकला की लोखंड दवानं ओलं लागतं. दहा वाजेपर्यंत ऊन असं कोरडं पडतं, की वाळत घातलेला पंचा तासाभरात कडक होतो. आणि मधूनच नाकाला कापलेल्या भाताचा वास येतो. तो खरा नसतो, हे मला माहीत आहे. आता इथं जवळपास कुणी भात लावत नाही. पण वास येतो.

चांगुणेला सांगितलं तर ती म्हणते, "नाकात थेंब घाला." चांगुणा म्हणजे माझी बायको. ऐंशी ओलांडून तिला बरीच वर्षं झाली. कानानं कमी ऐकू येतं, पण मी काय बोललो असेन ते तिला माझ्या तोंडाकडे बघून कळतं. मला बोलायला फार उशिरा आलं, आणि तेही तिच्याचमुळे आलं. ते ज्या हंगामात आलं, तो हंगाम दर कार्तिकात मला आठवतो.

आमचं गाव जासई. आता तिथं भिंतींआड कंटेनर एकावर एक रचलेले असतात. त्या काळी गावाखालून थेट खाडीपर्यंत खारी शेती होती. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेले मातीचे बांध, बांधाच्या आत भात, आणि त्याच्याही खाली मिठागरं. वर्षाचं सगळं गणित पाण्यावर. पावसात भात करायचं, दिवाळीच्या आगेमागे कापायचं, झोडायचं, आणि थंडी सरता सरता मिठागरावर जायचं. या सगळ्यात माणसाला रिकामं असं कधी बसायला मिळत नसे. बायकांना तर नाहीच.

गोवा मोकळा झाल्याला तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सत्तावीस वर्षांचा होतो, प्राथमिक शिक्षक. आमच्या घरात शाळेत नोकरी लागलेला पहिलाच. शाळा पनवेलच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. मी तिथं एका खोलीत एकटा राहायचो आणि पंधरा दिवसांनी एका शनिवारी घरी यायचो. रविवारी दुपारी परत. चांगुणा आणि आमची चार वर्षांची मुलगी कमळ जासईला, मोठ्या घरात. घरात बाबा, आई, माझे दोन थोरले भाऊ, दोन वहिन्या आणि त्यांची पोरं.

लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत मी आणि चांगुणा एका जागी बसून पाच मिनिटं बोललो असू, असं मला आठवत नाही. भांडण नव्हतं. तसं बोलायला जागाच नव्हती. बायका आतल्या खोलीत, पुरुष ओटीवर. मी घरी आलो की ती पाणी आणून ठेवायची, मी घ्यायचो. मी कमळला मांडीवर घ्यायचो, ती दारातून बघायची. मला त्यात काही खटकत नसे. माझ्या भावांचंही तसंच होतं आणि आईबाबांना तर मी एकमेकांशी बोलताना कधी पाहिलंच नव्हतं. बाबा भिंतीकडे बघून सांगायचे, "भाकर वाढाला सांगा." आई वाढायची.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली आणि मी घरी आलो. कापणी अर्ध्यावर आली होती. चांगुणा पाणी घेऊन आली तेव्हा तिनं तांब्या उजव्या हातात धरला होता आणि डावा हात पदराखाली. मला काही कळलं नाही. संध्याकाळी कमळ म्हणाली, आयच्या हाताला घाण वास येतो. तेव्हा मी तिला हात दाखवायला सांगितलं.

करंगळीशेजारच्या बोटाला विळा लागला होता. कापणीत असं कुणाला ना कुणाला लागतंच. पण हे बोट सुजून काळंनिळं झालं होतं, सूज मनगटाच्या वर चढली होती, आणि तिच्या अंगात ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उरणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोट चिरलं, पू काढला, इंजेक्शन दिलं. आठवड्याने पुन्हा बघून म्हणाले की हात वाचला, बोट मात्र वाकडं राहील. आणखी पंधरा दिवस पाण्यात आणि चिखलात हात घालायचा नाही, रोज पट्टी बदलायची.

पंधरा दिवस पाण्यात हात घालायचा नाही, म्हणजे आमच्या घरात पंधरा दिवस काहीच करायचं नाही. मी ते आईला सांगितलं. थोरली वहिनी म्हणाली की मग धाडा हिला माहेरी. पण चांगुणेला माहेर राहिलं नव्हतं. आईवडील गेले होते आणि एकुलता भाऊ मुंबईत गिरणीच्या चाळीत, तोच दुसऱ्यांच्या खोलीत राहत होता.

माझ्याबरोबर ट्रेनिंगला राऊत नावाचा एक मित्र होता, रेवदंड्याचा. त्याची पत्रं यायची, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं की एकदा जोडीनं ये. मी ते वाचून सोडून द्यायचो. त्या दिवशी मला ते एकदम आठवलं. बाबा ओटीवर बसले होते. मी म्हणालो, "हिला चार दिवस रेवदंड्याला नेऊन आणतो. हात बरा होईपर्यंत." बाबांनी विचारलं की तिथं वैद्य आहे का. मी नाही म्हणालो. मग देव कुठला, असं विचारलं. तोही नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडायचा तो जत्रेला, लग्नाला, मयताला किंवा दवाखान्यात. नुसतं जायचं म्हणून जायचं, याला आमच्या बोलीत शब्द नव्हता. शेवटी ते म्हणाले, "चार म्हंजे चारच."

गावात मात्र सगळे धरून चालले की मी तिला मोठ्या डॉक्टरकडे नेतोय. मीही कुणाला खोडून काढलं नाही.

खरं सांगायचं तर निघाल्यावर मला भीती वाटली. चार दिवस हिच्याशी काय बोलायचं? शाळेत मी चाळीस पोरांसमोर दिवसभर बोलायचो. पण या एका बाईपुढे मला विषय सुचेना. कमळला आईपाशी ठेवलं होतं. करंजाच्या धक्क्यापर्यंत आम्ही मुकाट चाललो, मी पुढं, ती मागं, माझ्या खांद्यावर पिशवी. तिथून खाडी ओलांडून रेवसला नेणारी होडी असते, तिला आमच्याकडे 'तर' म्हणतात. तरीत आमच्या समोर एक कोळीण रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. तिनं आमच्याकडे नीट बघून विचारलं की नवीन लग्न झालंय का. चांगुणा म्हणाली की सात वर्षं झाली. मग आता कुठं, असं तिनं विचारलं. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात चांगुणा म्हणाली, "असाच." कोळीण हसली. चांगुणाही हसली. माझ्या बायकोचा पुढचा एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

रेवसहून अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची एसटी. दिवस कलायला आला तेव्हा गाडी एका जुन्या दगडी तटातून आत शिरली. मी किल्ले पाहिले होते, पण ते डोंगरावरचे. इथं अख्खं गावच तटाच्या पोटात. आत रस्ते, देऊळ, दुकानं, आणि घराघराला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या. जिथं फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं, शहर होतं तिथं पोफळी उभ्या. मधूनच एखादी चर्चची भिंत, वर छप्पर नाही, भिंतीला वेली, आणि तिच्या सावलीत कुणाची तरी गाय बांधलेली. कुणी त्याकडे वळून बघत नव्हतं. पाटाचं पाणी त्या पडक्या दगडांना वळसा घालून खुशाल वाडीत जात होतं.

राऊतच्या घरी तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. आम्हाला त्यांनी वाडीच्या टोकाची कौलारू खोली दिली. एरवी तिथं नारळ आणि सुपारी ठेवायचे. बाहेर तीन दगडांची चूल, दहा पावलांवर विहीर, विहिरीवर रहाट. राऊत म्हणाला, जेवण आमच्याकडेच. मी हो म्हणणार होतो, पण चांगुणेनं विचारलं की एक वेळ आम्ही इथं रांधलं तर चालेल का. राऊतच्या आईनं एक भगुलं, तवा आणि शेरभर तांदूळ आणून दिले.

तिथं माझी पंचाईत झाली. रांधायचं म्हणाली ती, पण तिचा एक हात पट्टीत. पाणी मी शेंदलं, तांदूळ मी धुतले, चूल मी फुंकली. खोलीवर मी एकटा राहायचो तेव्हा दोन वेळा शेजारच्या घरून डबा यायचा, त्यामुळे माझा चुलीशी संबंध नव्हता. पहिल्या दिवशीचा भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. ती तो जेवली आणि म्हणाली की मधला बरा झालाय. दुसऱ्या दिवशी राऊतनं ओले बोंबील आणून दिले. ते कसे साफ करायचे हे मला आगऱ्याच्या पोराला ठाऊक नव्हतं, खायचे तेवढे ठाऊक होते. ती शेजारी पाटावर बसून सांगत होती, आधी डोकं, मग पोट, आता पाण्यातून काढा, असं नाही, उलटा धरा. मी बोंबील उलटा धरला. माझ्या गावच्या कुणी मला त्या अवस्थेत पाहिलं असतं, तर पुढची दहा वर्षं त्यांना विषय पुरला असता. पण गाव दूर होतं, खाडीपलीकडे. आणि मला, खोटं कशाला बोलू, ते काम आवडत होतं.

केसांचं त्याहून अवघड. एका हातानं वेणी घालता येत नाही. घरी वहिनी घालून देत होती. पहिल्या सकाळी ती केस मोकळे सोडून विहिरीवर उभी होती, काय करावं ते कळत नसल्यासारखी. मी म्हणालो की बस. ती विहिरीच्या पायरीवर बसली आणि मी मागं. तिनं सांगायला सुरुवात केली, तीन भाग करा, आता डाव्या हाताचा मधे घ्या, आता उजव्या. मी दुसरीच्या पोरांना बेरीज शिकवतो तशी ती शिकवत होती, चुकलं की न रागावता पुन्हा पहिल्यापासून. माझी पहिली वेणी चार पावलांत सुटली. दुसरी दुपारपर्यंत टिकली. राऊतची आई पाणी न्यायला आली होती. तिनं आमच्याकडे बघितलं, कळशी भरली, गेली. जरा वेळानं वाटीभर खोबरेल आणून पायरीवर ठेवून गेली. त्या बाईला मी पुढं ती होती तोवर पत्रातून नमस्कार लिहीत राहिलो.

चांगुणेनं समुद्र पाहिलेला नव्हता. हे ऐकून लोक हसतात, कारण जासईपासून पाणी हाकेवर. पण ते खाडीचं पाणी. ते भरतीला चिखलावरून गुपचूप वर येतं आणि ओहोटीला गुपचूप जातं, त्याचा आवाज नसतो. रेवदंड्याच्या तटाला एक खिंडार आहे, त्यातून बाहेर पडलं की सुरूची झाडं, काळसर वाळू, आणि समोर सगळा उघडा समुद्र. ती लाटांसमोर उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्या पान्याला बांध कोन घालील?" खारी शेती केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे पाणी दिसलं की पहिला विचार बांधाचा. मी म्हणालो की याला बांध घालत नाहीत. तिला ते पटायला वेळ लागला. मग ती गुडघाभर पाण्यात गेली, पट्टीचा हात डोक्यावर धरून. लाट आली की ती मागं सरायची, गेली की पुन्हा पुढं. बघणारं कुणी नव्हतं म्हणून मीही धोतर खोचून गेलो.

दुसऱ्या दिवशी राऊतनं आम्हाला सातखणी मनोरा दाखवला, आणि पाण्यापलीकडचा कोर्लईचा डोंगर. तो वाडीतल्या कामाला परत गेल्यावर मी चांगुणेला इतिहास सांगायला लागलो. फिरंगी कधी आले, त्यांनी तट कशाला बांधला, मराठ्यांनी तो कसा घेतला. बराच वेळ सांगत होतो. ती ऐकत होती, मान हलवत होती. शेवटी एका पडलेल्या दगडावर बसत म्हणाली, "तुमी दमला नाय का?" मी दमलो नव्हतो. मी घाबरलो होतो. थांबलो तर काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिला शाळेतला धडा शिकवत होतो. आता मागं वळून बघताना मला त्या तरुण मास्तरची कीव येते. शेजारी बायको बसली आहे आणि हा तिला तटाची लांबी सांगतोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पट्टी बदलायला बसलो. खोलीच्या दारात ऊन आलं होतं, पोफळींच्या सावल्या त्यात हलत होत्या. मी पाणी उकळून कोमट केलं, जुनी पट्टी सोडली. जखम सुकत आली होती. बोट मात्र आत वळलं होतं, सरळ होईना. ते बघून मला वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्यातूनच थोडा राग आला. मी म्हणालो, "एवढं वाढेपर्यंत लक्ष कसं दिलं नाहीस? घरात हळदसुद्धा नव्हती का?"

ती माझ्या हातातल्या तिच्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "व्हती. आयनं भरली व्हती."

"मग?"

"मी धुवून टाकली. परत चिखलात हात घातला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिला पुन्हा विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मना वाटला, हात जास्ती झाला का तुमाला निरोप धाडतील. तुमी याल."

निरोप कुणी धाडला नव्हता. सुट्टी आठ दिवसांवर आली होती, तोवर मी येणारच होतो, म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. त्या आठ दिवसांत सूज मनगटाच्या वर चढली.

"अगं, हात गेला असता," मी म्हणालो.

"एक गेला असता," ती म्हणाली.

यात रडणं नव्हतं, माझ्यावर आरोपही नव्हता. बाजारात काय महाग झालंय ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मी पट्टी बांधायला लागलो, पण गाठ बसत नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं टोक धरून ठेवलं, तेव्हा बसली.

संध्याकाळी आम्ही तटावर चढून बसलो. खाली एका बाजूला वाड्या, दुसरीकडे समुद्र. आदल्या दिवशी मी इथंच इतिहास सांगितला होता. आज मला काही सांगावंसं वाटेना. शेवटी मी तिला एक प्रश्न विचारला. सात वर्षांत मी तो विचारला नव्हता, आणि तो सुचायला मला इतकी वर्षं लागली याची लाज अजून वाटते. मी विचारलं, तुला काय पाहिजे?

ती लगेच बोलली. उत्तर तिच्याजवळ कधीचं तयार असणार.

"मना एक चूल पायजे. माझी. तुमी सांजच्याला शालंतनं घरी येता, त्या घरात."

मी म्हणालो की बाबा ऐकायचे नाहीत. शेतीला माणसं लागतात, मिठागराला लागतात. थोरल्या भावांना काय वाटेल, लोक काय म्हणतील, वेगळा झाला म्हणतील. हे सगळं माझ्या तोंडपाठ होतं, कारण ते मी मनाशी पुष्कळदा म्हटलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग फक्त एवढंच विचारलं, की तुम्ही बाबांना विचारलं होतं का.

नव्हतं विचारलं. एकदाही नाही.

मी तिथं बसून ते स्वतःशी कबूल केलं, आणि मग तिच्यापाशीही केलं. बाबा नाही म्हणतील, ही मी माझ्यापुरती काढलेली सोय होती. खोलीवर मी एकटा होतो, मोकळा होतो. संध्याकाळी मित्रांबरोबर फिरायला जावं, वाटेल तेव्हा निजावं. पंधरा दिवसांनी घरी आलं की नोकरीवाला मुलगा म्हणून मान मिळायचा, आई आवर्जून मासळी करायची. घर न मोडणारा चांगला पोरगा, असं गाव म्हणायचं. हे सगळं मला एकट्याला मिळत होतं, आणि त्याची झळ कुणाला लागते ते मी बघितलंच नव्हतं. मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "बरा झाला बोललात." खाली कोर्लईकडून होड्या परतत होत्या. उजेड जाईपर्यंत आम्ही बसलो. मग बोलणं सुरूच झालं. तिचे वडील कसे गेले, तिला चौथीतून शाळा का सोडावी लागली, मला गणित का आवडतं, कमळच्या वेळी तिला काय काय खावंसं वाटलं आणि तिनं कुणालाच कसं सांगितलं नाही. त्या तटानं कुणाचं रक्षण केलं असेल नसेल. त्या संध्याकाळी आमचं गाव, आमचं घर, वहिन्या, भाऊ, सगळ्यांना त्यानं थोडा वेळ बाहेर ठेवलं.

चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो. निघताना राऊतच्या आईनं चांगुणेची ओटी भरली. येताना तरीत ती माझ्या शेजारी बसली, मागं नाही. घरी पोचलो तेव्हा कमळ पेंढ्यात खेळत होती. तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पेंढ्यात उडी मारली.

झोडणी सुरू झाली होती. खळ्यावर लाकडी बाकावर पेंढी आपटायची, दाणे खाली, पेंढा बाजूला. बाबा कडेला बसून पेंढ्याचे भारे बांधत होते. मी दोन दिवस हिंमत गोळा करत राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ जेवायला गेल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि सांगितलं, की चांगुणेला आणि कमळला शाळेच्या गावाला न्यायचं आहे. बिऱ्हाड करायचं आहे.

त्यांनी भारा बांधून पुरा केला. मग विचारलं की हे हिनं सांगितलं का. मी म्हणालो, मी सांगतोय. मी मनात सगळे मुद्दे मांडून ठेवले होते, हंगामाला दोघंही येऊन राबू, मिठागराच्या वेळी सुट्टी असते, वेगळं व्हायचं नाही. त्यातला एकही मांडायची वेळ आली नाही.

बाबा म्हणाले, "आदी इचारला असतास, तर आदी धाडली असती."

सात वर्षं. ते पुढचा भारा बांधायला लागले. हात चालूच ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुज्या आयनं मना कदी काय मागला नाय. मी पन इचारला नाय. तवा ह्यो असाच चालला."

हे वाक्य कितीतरी वेळा माझ्या डोक्यात फिरलं आहे. त्या दिवशी मात्र मी फक्त उठून पेंढी आपटायला लागलो.

घरात सोपं गेलं नाही. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. थोरली वहिनी चांगुणेला ऐकू जाईल असं म्हणाली की बोट कापून घर मिळत असेल तर आम्हीही कापू. चांगुणा तिच्याजवळ जाऊन तिच्यासमोर बसली आणि चांगल्या हातानं तांदूळ निवडू लागली. उठताना वहिनीनंच तिला सांगितलं की नव्या चुलीला पहिले आठ दिवस जपून जाळ घाल, नाहीतर तडे जातात.

झोडणी संपली, मिठागराचं काम सुरू व्हायला थोडे दिवस होते. मी दोन दिवसांची रजा काढली. पहाटे बैलगाडी जुंपली. तांदळाचं पोतं, दोन पातेली, कांबळी, कमळ आणि आम्ही दोघं. हाकायला बाबा स्वतः. गाडी निघायच्या वेळी आई आतून आली, लुगडं बदललेलं, हातात छोटं गाठोडं. कुणी बोलावलं नव्हतं. ती पनवेलच्या पुढं कधी गेलेली नव्हती. म्हणाली की चूल मी घालून देणार, तुम्हाला जमायची नाही, आणि गाडीत चढून आमच्याबरोबर मागं बसली.

दुपार टळल्यावर आम्ही पोचलो. खोली देवळामागे, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घराला लागून. आईनं खोली कोपऱ्यान् कोपरा बघितली, नाक मुरडलं, छपराची दोन कौलं सरकली होती ती बाबांना दाखवली. मग माती मागवली, पदर खोचला आणि चूल घालायला बसली. चांगुणा तिला पाणी ओतून देत होती. आई काही ना काही सांगत होती, हिचं तोंड इकडे ठेव, वारा तिकडून येतो. बाबा कौलं सारखी करून येऊन दारात बसले आणि आईला काम करताना बघत राहिले. मला वाटतं ते बहुधा पहिल्यांदाच बघत होते. संध्याकाळी शेजारच्या घरून भाकरी आल्या, त्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत निघाले. कमळ रडली, आईनं तिचे डोळे पुसले, चांगुणेला सांगितलं की दोन दिवस चूल पेटवू नको, आज लिंपून घे. बाबांनी बैल जुंपले. गाडी आता रिकामी होती, मागं पेंढा पसरलेला, ऐसपैस जागा. आई गाडीजवळ गेली, मागच्या बाजूला जरा थांबली. मग वळसा घालून पुढं आली आणि जोखडामागच्या फळीवर, बाबांच्या शेजारी चढून बसली. बाबांनी सरकून जागा केली. त्यांनी कासरा ओढला.

आम्ही दारात उभे होतो. वाट तिथं बरीच लांबपर्यंत सरळ जाते. गाडी आंब्याच्या झाडापर्यंत गेली तेव्हा बाबांनी मान आईकडे वळवली आणि काहीतरी विचारलं. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. आईनं हात वर करून डोंगराकडे दाखवलं आणि ती बोलू लागली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती बोलतच होती.